बसायची जागा

"काका, उठा! आधी उठा तुम्ही!"

शिवणक्लासच्या बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की बाराही मशीनं एकदम थांबली. काका तेराव्या मशीनपाशी खुर्चीवर बसले होते. मशीनचं डोकं मागे कलतं करून, छोटी बॅटरी दातांत धरून ते शटलमध्ये अडकलेला दोरा काढत होते. त्यांनी बॅटरी तोंडातून काढली.

"काय झालं?"

"अहो, बाहीवर बसलाय तुम्ही! टाचण्या लावून ठेवली होती ती!"

काका टेबलाला धरून सावकाश उठले. खुर्चीवर एक निळी बाही चुरगळून पडली होती. तिच्या पाच टाचण्यांपैकी दोनच जागेवर होत्या. उरलेल्या तीन काकांच्या पँटला, मागच्या बाजूला. एक मुलगी फिसकन हसली, मग तिच्या शेजारची हसली आणि मग सगळा क्लासच खिदळायला लागला.

काकांनी हात मागे नेला, चाचपून एक टाचणी उपसली आणि खिडकीच्या उजेडात धरली. टोकाला रक्त होतं.

"किती वेळ बसलो होतो मी?"

"आल्यापासून. अर्धा तास तरी झाला असेल."

"कमाल आहे," काका म्हणाले. "मला कळलंच नाही."

हसणं हळूहळू विझलं. काकांच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. पंचवीस वर्षांत न पाहिलेला एखादा बिघाड मशीनमध्ये दिसला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा तो झाला होता. भुवया वर, ओठ पुढे.

त्यांना 'काका' हे नाव वयामुळे मिळालं नव्हतं. शाळेत असताना ते मास्तरांना दर वाक्याला "का? का?" असं विचारत, म्हणून पहिलीतच पोरांनी त्यांचा काका करून टाकला. पुढे शिलाई मशीनच्या दुरुस्तीचा धंदा सुरू केला तेव्हा ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासुद्धा त्यांना काका म्हणू लागल्या. बायको म्हणायची, "मी सोडून साऱ्या जगाचा काका झालाय हा माणूस."

गेले दोन महिने काकांची कंबर धरली होती. कळ दोन्ही पायांतून खाली उतरायची. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. आदल्या दिवशी, मंगळवारी, एका गिऱ्हाइकाकडे लोखंडी मशीनचं डोकं दोन जिने वर चढवताना कमरेत काहीतरी सटकलं आणि ते मशीन कवटाळून पायरीवरच बसले. पण बुधवारी सकाळी उठले तर नवलच. पायांतली कळ निम्म्याने कमी! 'गेली एकदाची पीडा,' असं मनाशी म्हणत ते शिवणक्लासला आले होते.

"सरळ डॉक्टरकडे जा इथून," बाई म्हणाल्या. "मशीन पडू दे तसंच."

"जातो, जातो. आधी बघू तरी काय आहे ते."

इथेच काका चुकले. पण त्यांची रीतच ती होती. मशीन उघडून बिघाड सापडल्याशिवाय ते मालकाशी चकार शब्द बोलत नसत.

घरी कोणी नव्हतं. बायको बालवाडीत शिकवायची, ती चारला यायची. काकांनी न्हाणीघराची कडी लावली, आरसा भिंतीला टेकवून खाली ठेवला आणि सोळा नंबरची सुई घेऊन तपासणी सुरू केली. मांडीला पुढून टोचलं, टोचलं. गुडघ्याला टोचलं, टोचलं. डाव्या पावलाला कमी. मांडीच्या आतल्या बाजूने वर वर येत गेल्यावर एका ठिकाणी टोचणं थांबलं. तिथून पुढे सुई जणू दुसऱ्याच कोणाला टोचत होती. डावीकडून गेले, उजवीकडून गेले, मागून गेले. हद्द दोन्ही बाजूंना सारखीच. माणूस सायकलच्या सीटवर टेकतो, नेमका तेवढाच भाग मेला होता.

काका उकिडवे बसून विचार करत राहिले. एवढाच का? आणि दोन्हीकडे अगदी सारखा का? भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. मग लक्षात आलं की सकाळपासून आपण लघवीला गेलेलो नाही, आणि लागलीही नाही.

संध्याकाळी ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून उभे राहिले. पाण्याच्या आवाजाने लागते म्हणतात. वीस मिनिटं झाली. पोट खाली दगडासारखं घट्ट लागत होतं, पण घाई म्हणून नव्हती. शेवटी थेंब थेंब काहीतरी झालं. ते त्यांनी पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर कळलं नसतं. बाहेर बायको भांडी घासत होती. ते बाहेर आले तेव्हा तिने एकदा वळून बघितलं. मग ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

गुरुवारी सकाळी ती उठली तर काका न्हाणीघरात आपली पँट धूत होते. एकतीस वर्षांच्या संसारात काकांनी रुमालही धुतला नव्हता.

ती दारात उभी राहिली. बालवाडीत रोज वीस पोरांना जो प्रश्न ती विचारायची, तोच तिच्या तोंडून निघाला, त्याच आवाजात.

"शू नीट होतेय का?"

काका आधी हसले. मग त्यांचा चेहरा पडला.

"होत नाही," ते म्हणाले. "आणि झाली तर कळत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाही, टाचण्या, सुई, हद्द. बायको ऐकत असतानाच पायांत चपला घालत होती.

"दुसऱ्यांना दरडावता की मशीनला काय केलंत ते खरं सांगा. आणि स्वतःचं?"

"म्हटलं आधी कळू दे, मग सांगू."

"कोणाला कळू दे? तुम्हाला? मोठे सर्जनच की नाही तुम्ही! चला."

मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात एक अगदी पोरसवदा डॉक्टर होता. कंबर दुखते एवढं ऐकल्यावर तो आता गोळ्या लिहून देईल असं काकांना वाटलं. पण त्याने पेन खाली ठेवलं.

"कळ एका पायात की दोन्ही?"

"दोन्ही. पण आता कमी आहे."

"बसायच्या जागेला बधिरपणा वाटतो? शौचाला गेल्यावर पुसताना हात लागलेला कळतो का?"

काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "बघ गं! मी कालपासून ज्याचा शोध लावतोय, ते या पोराला आधीच ठाऊक!" आणि त्याला विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं हे विचारायचं?"

"आमच्याकडून पाठ करून घेतात, काका. लोक आपण होऊन सांगत नाहीत ना. लाजतात."

"मी लाजलो नव्हतो," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "थोडा लाजलो होतो."

डॉक्टरने त्यांना कुशीवर वळवलं. टाचणी लावून तपासलं, हातमोजा घालून आतून तपासलं, "आवळा" म्हणाला. काकांनी आवळलं. "आवळा ना, काका." "आवळलंय की!" डॉक्टरने हातमोजा काढून सिस्टरला हाक मारली. मग मूत्राशयात नळी घातली गेली आणि पिशवी भरायला लागली. भरतच राहिली. एक लिटरच्या वर आणखी शंभर मिली.

"एवढं माझ्या पोटात होतं?" काका पिशवीकडे डोळे फाडून बघत म्हणाले. "आणि मलाच पत्ता नाही?"

बायको मात्र पिशवीकडे बघत नव्हती. ती त्या डॉक्टरकडे बघत होती. तो फोनवर कोणालातरी म्हणत होता, "नाही मॅडम, उद्या नाही चालणार. आत्ताच."

तासाभरात एमआरआय झाला. सर्जन मॅडम उंच, सडपातळ आणि भराभर बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पडद्यावर फोटो लावला.

"हे मणके. दोन मणक्यांच्या मधे ही गादी असते. तुमची ही गादी फुटून मागे घुसलीय. सगळ्यात खालच्या दोन गाद्यांपैकी वरची."

"म्हणजे मज्जारज्जू दबलाय?"

"नाही. मज्जारज्जू इथे नसतोच. तो वर, कमरेच्या सुरुवातीलाच संपतो."

"संपतो?" काकांनी उशीवरून मान उचलली. "मग खाली काय असतं?"

सर्जनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांत असं काही होतं की त्या दोन मिनिटं थांबल्या.

"खाली सुट्या नसांचा झुबका असतो. पाण्यासारख्या द्रवात लोंबत असतो. ज्यांनी पहिल्यांदा चिरून पाहिलं त्यांना तो घोड्याच्या शेपटासारखा दिसला. नावही तेच पडलं, घोड्याचं शेपूट. त्यातल्या काही नसा पायांना जातात. अगदी मधल्या, खालच्या, त्या लघवीला, शौचाला आणि बसायच्या जागेला. तुमच्यात सगळा झुबकाच चिमटला गेलाय."

"म्हणून दोन्हीकडे सारखं!" काका म्हणाले. कोडं सुटलं की मुलांना होतो तसा त्यांना आनंद झाला होता. "आणि कळ का कमी झाली?"

"कारण नसा गप्प होत चालल्यात," त्या म्हणाल्या. "दुखणं थांबलं म्हणून लोक खूश होतात. तिथेच घात होतो."

सर्जनबाईंनी दिलेल्या कागदावर बायको सही करत होती, तेव्हा काकांनी आपल्या हाताने कागद धरून ठेवला.

"ऑपरेशन केलं की येईल ना सगळं परत?" बायकोने विचारलं.

"दाब काढणं माझ्या हातात आहे. नसा त्यांच्या त्यांनी भरून यायच्या. महिने लागतात, कधी दोन वर्षं. काही येतं, काही येत नाही. मी खोटं सांगणार नाही."

दुपारी दोनला काकांना आत नेलं. पाच वाजता बाहेर आणलं.

पायांनी लवकर ओळख दिली. तिसऱ्या दिवशी काका भिंतीला धरून चालले. उजवा पाय ठीक, डावं पाऊल मात्र पुढे टाकताना खाली लोंबायचं आणि फरशीला फटकन लागायचं. त्याला बुटात घालायची पट्टी मिळाली. बसायची जागा मात्र मुकीच राहिली आणि मूत्राशयही.

पाचव्या दिवशी सर्जनबाई फेरीला आल्या तेव्हा बायको पाणी आणायला गेली होती. काकांनी तेवढ्यात विचारून घेतलं.

"मॅडम, बुधवारी सकाळी मला टाचण्या लागल्या नाहीत. मी आलो गुरुवारी. बुधवारीच आलो असतो तर?"

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत.

"जास्त परत आलं असतं, कदाचित. कदाचित एवढंच आलं असतं. छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही."

"बरं," काका म्हणाले.

पण बायको दारातच उभी होती, भरलेली बाटली हातात घेऊन. सर्जनबाई गेल्यावर ती आत आली, बाटली कपाटावर ठेवली आणि बाटलीकडेच बघत बोलली.

"बुधवारी संध्याकाळी मी नळाचा आवाज ऐकला होता. वीस मिनिटं. बालवाडीत एखादं पोर पाच मिनिटं आत राहिलं तर मी दार वाजवते. तेव्हा मनात आलं होतं विचारावं. म्हटलं, असेल काहीतरी, माणसाला एकटं असू द्यावं."

काकांनी तिचा हात ओढून तिला शेजारी बसवलं.

"मी सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. "फिट्टंफाट."

ती रडायला लागली. काकाही रडले. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत राहिला.

घरी जायच्या आधी वॉर्डच्या सिस्टरनी काकांना स्वतःची नळी स्वतः घालायला शिकवलं. दिवसातून पाच वेळा, लागो न लागो, घड्याळ लावून. हात कसे धुवायचे, नळी किती आत गेली की थांबायचं, धार थांबली की कशी सावकाश काढायची. काकांचं विचारणं चालूच: नळी एवढी लांब का? हे बुळबुळीत कशासाठी? घाई केली तर काय होतं? सिस्टर म्हणाल्या, "तुमच्यासारखा विद्यार्थी नाही बघितला, काका. बाकीचे डोळे मिटून घेतात."

पण दवाखान्यातलं वेगळं आणि घरचं वेगळं. घरी पहिल्याच दिवशी नळी आत जाईना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा ती हातातून निसटून जमिनीवर पडली. काकांनी ती उचलून भिंतीवर फेकली आणि पाटावर बसून राहिले. बसलोय हेसुद्धा डोळ्यांनीच कळत होतं.

दारावर टकटक झाली. "येऊ?"

"नको."

ती गेली नाही. बाहेर बांगड्यांचा बारीक आवाज होत राहिला. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "ये."

तिने नवीन नळी उघडून त्यांच्या हातात दिली आणि आरसा धरून बसली. बालवाडीतल्या पोरांची नाकं पुसणाऱ्या त्या हातांना कशाचंच नवल नव्हतं. चौथ्या वेळी जमलं. नवराबायकोतली आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल मात्र दोघंही तीन महिने बोलले नाहीत. मग एका रविवारी दुपारी काकांनीच विषय काढला आणि ते बराच वेळ, हळू आवाजात, कधी कधी हसतसुद्धा बोलत बसले. ते दोघांतच राहिलं.

सहाव्या महिन्यात काकांनी पुन्हा काम धरलं. आता ते मशीन उचलत नसत. "टेबलावर ठेवून द्या, मग मी येतो," असं फोनवरच सांगत. डाव्या पायाला मशीनचं पायडल नीट लागायचं नाही. पाय त्याच्यावर आहे की घसरलाय ते वाकून बघावं लागायचं. मग त्यांनी उजव्या पायाने मशीन चालवायची सवय केली. सुरुवातीला टाका धावायचा, मग सरळ आला. खांद्याला हत्यारांच्या पिशवीबरोबर आणखी एक छोटी, चेनची पिशवी आली.

शिवणक्लासला गेले तेव्हा सगळ्याजणींनी आधी खुर्ची पुसून, झटकून दिली. काका खो खो हसले. मग नेहमीच्या आवाजात त्यांनी त्या सगळ्या मुलीबाळींना सांगितलं, कुठे बधिर होतं, काय विचारायचं, काय झालं की थांबायचं नाही. पहिल्या दोन वाक्यांना माना खाली गेल्या. तिसऱ्या वाक्याला बाईंनी फळ्यापाशी जाऊन मणका काढायला घेतला, आणि तो चुकला म्हणून काकांनी पुसून नीट काढला.

एकदा ते एका निवृत्त टायपिस्टबाईंकडे गेले होते. सत्तरी ओलांडलेल्या, घरात एकट्या. हातमशीनचं चाक जाम झालं होतं. अकरा वाजता काकांचं घड्याळ वाजलं.

"बाथरूम कुठे आहे तुमचं?"

बाईंनी दार दाखवलं. काका चेनची पिशवी घेऊन आत गेले. दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर आले, तर बाई वाटच बघत होत्या.

"एक विचारू? राग येणार नसेल तर. त्या पिशवीत काय असतं हो?"

काकांनी पिशवी टेबलावर ठेवली. उभ्या आयुष्यात त्यांनी इतरांना विचारलेले प्रश्न आठवले असते तर दिवस पुरला नसता.

"राग कसला? विचारावं माणसाने," ते म्हणाले आणि त्यांनी सांगितलं. घोड्याचं शेपूट, गादी, नळी, दिवसातून पाच वेळा.

बाई हनुवटीला बोट लावून ऐकत होत्या.

"दुखतं का?"

"नाही. तीच तर अडचण आहे."

"असं होय," बाई म्हणाल्या. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "मग आता चहा अर्धाच कप देऊ का?"

"पूर्ण द्या की. मी घड्याळावर पितो."

मशीन दुरुस्त झालं. पण दोन महिन्यांनी चाकाने पुन्हा त्रास दिला आणि काकांना परत जावं लागलं. अकराला घड्याळ वाजलं. काकांनी काही विचारलं नाही, पिशवी घेऊन ते सरळ आत गेले.

बेसिनच्या शेजारी, पूर्वी काही नव्हतं तिथे, एक लहान तिपाई ठेवलेली होती. पिशवी ठेवता येईल एवढीच. तिच्यावर साबणाची नवी वडी होती आणि चार घड्या घातलेला, इस्त्री केलेला पांढरा पंचा.

काकांनी आधी हात धुतले. मग पंचा उलगडला आणि कडेच्या हातमशीनच्या शिलाईवरून एकदा बोट फिरवलं.